हाक मारायला उशीर नको

गोरेगाव पश्चिमेच्या एखाद्या जुन्या इमारतीतील घर डोळ्यांसमोर आणावे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडिलांनी ऐंशी ओलांडलेली, आई त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मुलगा पुण्याला, मुलगी कांदिवलीला. दोघेही नोकरीत गुंतलेले. वर्षभरापूर्वीपर्यंत सारे सुरळीत चालले होते. मग आईला गॅस बंद केला की नाही हे आठवेनासे झाले. औषधाची गोळी कधी दोनदा घेतली जाऊ लागली, कधी राहून जाऊ लागली. आणि एके दिवशी पहाटे वडील न्हाणीघरात घसरले. धावत आलेल्या मुलीला पहिला फोन कोणाला करावा हेच सुचेना.

असे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. काहींचे ते स्वतःचेच आहे. वृद्धांसाठी काहीच सोयी नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. सोयी अपुऱ्या आहेत हे खरेच. परंतु ज्या आहेत त्यांचा शोध आपण सर्वांत वाईट दिवशी सुरू करतो, हेही तितकेच खरे. तो शोध एखाद्या निवांत दिवशी, आईवडील स्वतः बोलू-सांगू शकत असताना घ्यावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

मागण्यात कमीपणा नाही

हा शोध लांबतो तो बहुधा संकोचामुळे. ‘मुले असताना बाहेरच्यांपुढे हात का पसरायचा?’ असे आईवडिलांना वाटते. ‘लोक काय म्हणतील?’ असे मुलांना वाटते. गोरेगावकरांना तरी हा संकोच शोभत नाही. १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी येथील स्त्रियांना सोबत घेऊन लढा दिला आणि त्या ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या. त्या स्त्रिया उपकार मागायला गेल्या नव्हत्या. हक्क मागायला गेल्या होत्या. पुढे गोरेगाव पूर्वेला नागरी निवारा परिषदेच्या वसाहतीत सामान्य कुटुंबांना घरे मिळाली, तीही संघटितपणे मागितल्यामुळेच. म्हातारपणी लागणाऱ्या सेवांचेही तसेच आहे. त्या नागरिकाच्या हक्काच्या आहेत आणि त्या मागण्याने कोणाच्याही मुलांची अब्रू जात नाही.

पहिला फोन

प्राण संकटात असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, हे दोन क्रमांक ठळक अक्षरांत दाराजवळ लावून ठेवावेत. प्रसंग तातडीचा नसेल, पण वाट सापडत नसेल, तर १४५६७ हा क्रमांक लक्षात ठेवावा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ही राष्ट्रीय सहायवाणी ‘एल्डर लाइन’ या नावाने ओळखली जाते आणि सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत निःशुल्क चालते. वृद्धाश्रमाची माहिती, निवृत्तिवेतनाची अडचण, कायद्याचे प्राथमिक मार्गदर्शन, छळाची तक्रार किंवा नुसते मन मोकळे करणे, यांपैकी कशासाठीही तेथे फोन करता येतो. १९७८ साली स्थापन झालेल्या हेल्पएज इंडिया या संस्थेचीही स्वतंत्र सहायवाणी आहे. तिचा क्रमांक १८०० १८० १२५३.

आईवडील एकटे राहत असतील तर आपल्या हद्दीतील पोलीस ठाण्यात त्यांची नोंद अवश्य करावी. गोरेगाव परिसरात गोरेगाव, बांगूरनगर, वनराई, दिंडोशी आणि आरे अशी पोलीस ठाणी आहेत. आपली इमारत कोणत्या हद्दीत येते, हे आधीच विचारून ठेवावे. घरी ठेवलेल्या मदतनिसाची पडताळणीही याच वेळी करून घ्यावी. ब्युरोमार्फत मदतनीस घेताना तीन प्रश्न विचारावेत: आधी कोणत्या प्रकारचा रुग्ण सांभाळला आहे, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार आणि तक्रार कोणाकडे करायची. उत्तरे तोंडी न घेता लिहून घ्यावीत.

घराजवळचा आधार

वृद्ध माणसाला सर्वांत उपयोगी पडते ती पायी पोहोचता येण्याजोगी सेवा. ज्येष्ठ नागरिक संघाकडे केवळ सहली आणि वाढदिवस साजरे करणारे मंडळ म्हणून पाहू नये. कोणता डॉक्टर घरी येतो, वॉकर कोठे भाड्याने मिळतो, हयातीचा दाखला घरबसल्या कसा देता येतो, ही माहिती संघातील अनुभवी सभासदांजवळ असते. राज्यभरातील असे संघ ‘फेस्कॉम’ या महासंघाशी जोडलेले आहेत. वडील संघात जायला तयार नसतील तर पहिल्या दिवशी मुलाने किंवा सुनेने सोबत जावे. दुसऱ्या आठवड्यात ते बहुधा एकटेच निघतात.

गोरेगाव पश्चिमेचे केशव गोरे स्मारक हे असेच एक हक्काचे ठिकाण. वृद्धांची सेवा करताना घरातील स्त्रीची होणारी कुचंबणा आपण सहसा बोलून दाखवत नाही. सासूचे अंथरूण आणि नोकरी सांभाळताना एखादी सून मोडून पडण्याच्या बेतात असते. स्त्रियांना समुपदेशन देणारे ‘स्वाधार’ हे केंद्र मृणालताईंच्या पुढाकाराने १९८३ साली गोरेगावातच सुरू झाले, हे अशा वेळी आठवावे. मन फारच खचले असेल तर ‘टेली मानस’ची १४४१६ ही सहायवाणी दिवसरात्र उपलब्ध असते. सेवा करणारा माणूस आजारी पडला तर घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. म्हणून त्याची विश्रांती ही चैन समजू नये. तो उपचाराचाच भाग आहे.

आईच्या विसरभोळेपणाकडे ‘वय झाले’ म्हणून काणाडोळा करू नये. थायरॉइडचा विकार, ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही स्मरणशक्ती मंदावते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. प्रथम तपासण्या कराव्यात. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रातही त्यांची चौकशी करता येते. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेच, तर अल्झायमर्स ॲण्ड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबीयांना मार्गदर्शन करते. तिची मुंबईतही शाखा आहे. अशा रुग्णाच्या गळ्यात किंवा खिशात नाव आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेले कार्ड असावे, कारण वाट चुकण्याची वेळ सांगून येत नाही.

पैशाची बाजू

वय सत्तर किंवा त्याहून अधिक असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. घरात सत्तरीपुढचे दोघे असतील तर ते दोघांत मिळून असते. नोंदणी आधार कार्डावर होते. चौकशीचा क्रमांक १४५५५. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हेही आधीच पाहून ठेवावे. रात्री दोन वाजता ते पाहण्याची वेळ येऊ नये.

ज्यांचे उत्पन्न अगदीच तुटपुंजे आहे अशा पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तीत दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये इतकी कमी असल्याने किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागत असल्याने मध्यमवर्गीय घरांना ती लागू होत नाही. परंतु आपल्याकडे वर्षानुवर्षे काम केलेल्या मावशींना ती लागू होत असेल. पहाडी गोरेगाव हे बोरिवली तालुक्यात येते. अर्जाची चौकशी तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत करावी. त्याच वयाच्या आणि दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. नवे अर्ज घेतले जात आहेत का, याची चौकशी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात करावी.

कायद्याचे दार

प्रत्येक घरात माया असतेच असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह आणि कल्याण यांसाठी २००७ साली झालेला कायदा अशा वेळी उपयोगी पडतो. उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागतोच असे नाही. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. या कायद्यानुसार दरमहा कमाल दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. अंतरिम निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत लागावा, असे कायदा सांगतो. मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. आपला अर्ज कोणाकडे जातो, हे तेथे कळेल.

याच कायद्याचे तेविसावे कलम प्रत्येक ज्येष्ठाने समजून घ्यावे. ‘आमचा सांभाळ करावा’ या अटीवर बक्षीस दिलेले घर घेणाऱ्याने अट मोडली, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. मुलांवर विश्वास असला तरीही लिहून घ्यावी. विश्वास असलेल्या मुलांना त्यात वावगे वाटणार नाही.

एक वही

आता पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावरील घराकडे वळू. त्या घरात एक साधी वही असती तर मुलीची ती पहाट थोडी सोपी गेली असती. पहिल्या पानावर तातडीचे क्रमांक आणि किल्ली ठेवलेल्या शेजाऱ्यांचे नाव. दुसऱ्यावर औषधे, त्यांच्या वेळा आणि डॉक्टरांचे नाव. तिसऱ्यावर वय वंदना कार्ड, विमा, बँक यांचे तपशील. चौथ्यावर पोलीस ठाणे, ज्येष्ठ नागरिक संघ, मदतनिसाचा ब्युरो. पाचवे पान आईवडिलांच्या हातचे असावे: घरीच राहायचे आहे की मुलांकडे जायचे आहे, कोणाची मदत चालेल, रुग्णालयात कोठवर उपचार व्हावेत. हे प्रश्न त्यांच्या पाठीमागे न ठरवता त्यांनाच विचारावेत. वृद्ध माणसाला सेवा हवी असते, तशीच आपल्या बाबतीतला शेवटचा शब्द आपला असावा, अशीही इच्छा असते.

येत्या रविवारी दुपारी चहा झाल्यावर आईवडिलांजवळ बसावे आणि ती वही उघडावी. एवढे लिहायला तासभर पुरेल.