थायरॉईड नेत्रविकारातील दृष्टितंत्रिकेचे सीटी परीक्षण

थायरॉईडजन्य दृष्टितंत्रिकाविकार हा थायरॉईड नेत्रविकारातील दृष्टी धोक्यात आणणारा गंभीर उपद्रव आहे. नेत्रकोटरातील स्नायू सुजून दृष्टितंत्रिकेवर, म्हणजेच ऑप्टिक नर्व्हवर, दाब आल्याने तो प्रामुख्याने उद्भवतो. थायरॉईड नेत्रविकाराच्या सुमारे ५ टक्के रुग्णांत तो आढळतो. वेळेवर उपचार झाल्यास दृष्टी बऱ्याच अंशी परत येऊ शकते. विलंब झाल्यास ती कायमची जाऊ शकते. सीटी स्कॅनद्वारे दाबाचे कारण व स्थान समजते. तंत्रिकेचे कार्य मात्र त्यात दिसत नाही.

कारण

बहुतेक रुग्णांत मूळ आजार ग्रेव्हज रोग असतो. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये व कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये त्याचे वर्णन केले. या रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा थायरॉईड ग्रंथीप्रमाणेच डोळ्यामागील ऊतींवरही हल्ला करते. नेत्रकोटराच्या भिंती हाडांच्या असल्याने सुजलेल्या ऊतींना केवळ पुढच्या बाजूस वाव मिळतो व डोळे बाहेर येतात. कोटराच्या मागील निमुळत्या टोकाशी डोळ्याचे स्नायू तंत्रिकेभोवती कड्यासारखे एकत्र येतात. तेथे दाब सर्वाधिक असतो. डोळे फारसे बाहेर न आलेल्या रुग्णांतही हा विकार होतो, कारण डोळा पुढे सरकून दाब हलका होण्याची सोय तेथे नसते.

सीटी स्कॅनमधील चिन्हे

सीटी चित्रात चरबी काळसर, तर स्नायू व तंत्रिका करड्या दिसतात. त्यामुळे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट औषधाची सहसा गरज पडत नाही. आडव्या व समोरून घेतलेल्या पातळ छेदांत पुढील चिन्हे पाहिली जातात :

* कोटराच्या टोकाशी गर्दी : तंत्रिकेभोवतीची चरबी स्नायूंमुळे नाहीशी होते. चरबीचा लोप २५ टक्क्यांपर्यंत, २५ ते ५० टक्के व ५० टक्क्यांहून अधिक अशा श्रेणी केल्या जातात.
* स्नायू निर्देशांक : कोटराच्या रुंदीचा किंवा उंचीचा किती भाग स्नायूंनी व्यापला आहे, याची टक्केवारी. ही पद्धत १९८८ मध्ये बॅरेट व सहकाऱ्यांनी मांडली. निर्देशांक जितका मोठा, तितकी विकाराची शक्यता अधिक.
* चरबीचे सरकणे : कोटरातील चरबी हाडांमधील फटीतून कवटीच्या आत ढकलली जाते.

स्नायूंचा मधला भाग फुगतो, परंतु डोळ्याला चिकटणारी कंडरा बहुधा पूर्ववत असते. खालचा व नाकाकडील स्नायू सर्वाधिक वेळा बाधित होतात.

मर्यादा

टोकाशी गर्दी असूनही काहींची दृष्टी उत्तम असते. म्हणून केवळ चित्रावरून निदान केले जात नाही. दृष्टीची तीक्ष्णता, रंगज्ञान, बाहुलीची प्रकाशाला प्रतिक्रिया व दृष्टिक्षेत्र यांची तपासणी आवश्यक असते. रंग फिके दिसणे हे आरंभीचे लक्षण असू शकते. अनेक रुग्णांत डोळ्याच्या आतील तपासणीत तंत्रिकेचे मुख सुरुवातीस निरोगी दिसते. स्नायूंतील सक्रिय सूज ओळखण्यास एमआरआय अधिक उपयुक्त ठरते, तर हाडांची रचना सीटीत अधिक स्पष्ट दिसते.

उपचारातील उपयोग

प्रथम शिरेवाटे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत दिले जाते. दोन आठवड्यांत पुरेसा प्रतिसाद न मिळाल्यास किंवा दृष्टी झपाट्याने घटत असल्यास कोटराच्या हाडाचा काही भाग काढून दाब कमी करतात. या शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी सीटी स्कॅन आवश्यक मानले जाते. धूम्रपानामुळे थायरॉईड नेत्रविकार बळावतो; त्यामुळे ते थांबवण्याचा सल्ला दिला जातो.