गोळ्या चालू आहेत, तरी विषाणू का वाढला?

एचआयव्हीची औषधे सरकारी एआरटी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. आज बहुतेक रुग्णांना दिवसाला एकच गोळी असते. तिचे नाव टीएलडी. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे तिच्यात एकत्र असतात. ती रोज घेतली की रक्तातला विषाणू दबतो, प्रतिकारशक्ती सावरते आणि माणूस कामधंदा करत पूर्ण आयुष्य जगतो. विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही.

तरीही काहींचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची संख्या, खाली येत नाही. औषध सुरू होऊन सहा महिने झाल्यावरही ती एका मिलिलिटरमध्ये १००० किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर सावध होतात. अशा वेळी घरचे पटकन म्हणतात, "हाच गोळ्या नीट घेत नाही." पण दोष देण्याआधी कारण शोधायला हवे.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे डोस चुकणे. पण डोस का चुकतो? दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील, तर गोळीची बाटली ठेवायची कुठे? नव्या सुनेला सासरी कळू द्यायचे नसते. नाक्यावर काम करणाऱ्याला केंद्रात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ऊसतोडीला गेलेला माणूस महिनोन्‌महिने गावाबाहेर असतो आणि गोळ्या मध्येच संपतात. दारू, नैराश्य, उपाशी पोट हीही कारणे आहेतच.

दुसरे कारण इतर औषधांचे. टीबीचे रिफाम्पिसिन आणि फिट येण्यावरची काही औषधे डोल्युटेग्रॅव्हिरचे रक्तातले प्रमाण कमी करतात. म्हणून रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्रॅव्हिरचा जादा डोस द्यावा लागतो. लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीवरची मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमची औषधे या गोळीला पोटातच अडवतात. टीएलडी घेतल्यावर ही औषधे निदान दोन तासांनी घ्यावीत. ती आधी घेतली असतील, तर टीएलडीपूर्वी सहा तास जाऊ द्यावेत. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतातच. त्या दुपारी आणि टीएलडी रात्री झोपताना, हा सोपा हिशोब.

तिसरे कारण विषाणूचे स्वतःचे. तो स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो. औषध अर्धवट पोटात गेले, की त्या चुकांतूनच औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होतात आणि वाढतात. काहींना तर असा विषाणू लागणीच्या वेळीच मिळालेला असतो. अशा माणसाने एकही गोळी चुकवलेली नसते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, गोळी स्वतःहून बंद करू नये. केंद्रात समुपदेशकाला खरी अडचण सांगावी. साधारण तीन महिने नियमित औषध घेतल्यावर चाचणी पुन्हा होते. डोल्युटेग्रॅव्हिरला विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही. त्यामुळे पुष्कळांचा व्हायरल लोड नुसत्या नियमितपणानेच खाली येतो. तो आला नाही, तर डॉक्टर औषध बदलतात, तेही मोफत.

एखादा डोस चुकला, तर आठवताच घ्यावा. मात्र दोन डोस एकदम घेऊ नयेत. बाहेरगावी जायचे असेल, तर आधी केंद्रात सांगावे. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिथल्या केंद्रासाठी पत्र मिळू शकते. खासगी डॉक्टर, टीबीचा दवाखाना, मेडिकलवाला, जो कोणी औषध देईल त्याला आपले चालू औषध दाखवावे. ठरलेली व्हायरल लोड तपासणी तब्येत ठणठणीत असली तरी चुकवू नये, कारण विषाणू वाढू लागला तरी सुरुवातीला अंगावर काहीच दिसत नाही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही जबाबदारी आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभावाला बंदी केली आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मान्य केला आहे. पण कायदा घराघरात येऊन बसत नाही. ज्या घरात गोळी लपवावी लागत नाही, तिथे ती चुकण्याचे एक मोठे कारणच उरत नाही. शंका असेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.