डोंगराआड आपला रेडिओ का पोचत नाही?

मैत्रिणींनो, डोंगराआडच्या वस्त्यांवरून आम्हाला सारखं विचारलं जातं, "आमच्याकडं नुसती खरखर का?"

आमचा आवाज माईकमध्ये शिरला की त्याची वीज होते. ट्रान्समीटर दुसरी, फार वेगवान लहर तयार करतो. आपलं ९०.४ म्हणजे सेकंदाला ९ कोटी ४ लाख हेलकावे! आवाजाच्या प्रत्येक कंपनाबरोबर हा आकडा किंचित कमी-जास्त होतो. लहरीचा जोर तोच राहतो. तुमचा रेडिओ तेवढा फरक ओळखून पुन्हा आवाज काढतो. म्हणून तर वीज कडाडली तरी एफएम फारसं खरखरत नाही.

पण ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. डोंगर आला की अडते. पॉवर वाढवा म्हणाल, तर सामुदायिक रेडिओला साधारण १०० वॅटपर्यंतच परवानगी. शिवाय नुसत्या पॉवरनं डोंगर हटत नाही, अँटेना उंच लागते, आणि तिलाही ३० मीटरची मर्यादा. त्या वस्त्यांवरच्या गटांनी मेमरी कार्ड द्यावं, आम्ही कार्यक्रम भरून देऊ.

बाकीच्यांनी रेडिओची दांडी पूर्ण ओढून संच खिडकीत ठेवावा. मोबाइलवर ऐकताना वायरचा इअरफोन लावा, ती वायरच एरियलचं काम करते.