केमोनंतर ताप आला? सकाळ होण्याची वाट पाहू नका

कामथडी (ता. भोर) : पुणे-सातारा महामार्गावरच्या कामथडीसारख्या गावातून केमोथेरपीसाठी पुण्याला गेलेला रुग्ण अनेकदा त्याच दिवशी घरी परततो. संसर्गाचा मोठा धोका मात्र त्यानंतरच्या दोन आठवड्यांत असतो. त्यात रात्री ताप आला, तर 'सकाळी बघू' म्हणणे जिवावर बेतू शकते.

साधा ताप इतका गंभीर का?
केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही त्यात कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १५०० हून अधिक असतात. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वात कमी होतात. त्या ५०० च्या खाली गेल्या, की संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. लढणाऱ्या पेशीच कमी असल्याने पू किंवा सूज फारशी दिसत नाही. ताप हीच अनेकदा एकमेव खूण असते.

जंतू येतात कुठून?
काही रुग्णाच्याच आतड्यातून किंवा त्वचेवरून, तर काही रुग्णालयातून. न धुतलेले हात, सलाइनची सुई, छातीत बसवलेला केमो पोर्ट हे त्यांचे नेहमीचे मार्ग. कधी औषधही कारण ठरते. मुंबईतील एका केमो डे-केअरमध्ये रुग्णांच्या रक्तात 'बर्कहोल्डेरिया सेपेशिया' हा जंतू सापडला. शोध घेतल्यावर तो उलटी थांबवणाऱ्या इंजेक्शनमध्ये आढळला. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजी'मध्ये २०१५ साली ही नोंद प्रसिद्ध झाली.

घरच्यांनी काय करावे?
• घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, थंडी वाजून आली, तर लगेच केमो देणाऱ्या रुग्णालयाला फोन करा.
• डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो.
• रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिक सुरू होणे अपेक्षित असते. 'केमो सुरू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला' हे दारातच सांगा. फाइल सोबत ठेवा.
• पोर्टला किंवा सलाइनला हात लावण्याआधी हात धुण्याची आठवण कर्मचाऱ्यांना करून द्या. त्यात संकोच नको.
• सर्दी-खोकला असलेल्यांनी रुग्णाला भेटायला जाऊ नये.

गावापासून रुग्णालयापर्यंतचा वेळही या हिशेबात धरावा लागतो. म्हणून रात्री गाडी कोण काढणार, हे केमोच्या दिवशीच ठरवून ठेवा. सोय नसेल, तर १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मागवता येते.