रनवे समोर आहे, पण विमान खाली येत नाही: उंची आणि वेगाचा हिशेब

सिम्युलेटरवर एअरबस ए३२० उडवणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. टेकऑफ जमतो, क्रूझ तर ऑटोपायलटच करतो, पण उतरायची वेळ आली की सगळा गोंधळ. रनवे समोर दिसतोय आणि आपण अजून आठ हजार फुटांवर. नाक खाली दाबलं की वेग वाढतो, नाक वर घेतलं की वेग कमी होतो, पण मग विमान खाली येत नाही. करायचं काय?

आजच्या एपिसोडमध्ये याचंच उत्तर शोधू. ते अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे.

एफडी आणि रोकड

उंची म्हणजे स्थितिज ऊर्जा, वेग म्हणजे गतिज ऊर्जा. असं समजा की उंची ही तुमची एफडी आहे आणि वेग म्हणजे हातातली रोकड. इंजिन म्हणजे पगार, आणि हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, हा खर्च. नाक खाली केलं की एफडी मोडून रोकड हातात येते. नाक वर केलं की रोकड परत एफडीत जाते. यात एकूण शिल्लक बदलत नाही. ती कमी करायची असेल तर पगार कमी करा किंवा खर्च वाढवा. तिसरा मार्ग नाही.

थोडं गणित करू. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले जी, एवढं केलं की तो वेग किती उंचीच्या बरोबरीचा आहे ते कळतं. २५० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण १२८ मीटर. याची उंची येते सुमारे २,७५० फूट. उतरतानाच्या १४० नॉटची येते जेमतेम ८६५ फूट. म्हणजे तुम्ही ठरलेल्या उंचीवर असलात, पण १४० ऐवजी २५० नॉटवर असलात, तर खरं तर तुम्ही जवळजवळ १,९०० फूट जास्त उंच आहात! स्क्रीनवर मात्र उंचीचा आकडा बरोबर दिसत असतो.

वर जाताना

चढताना पगार ठरलेला असतो. थ्रस्ट लिव्हर क्लाइंबच्या खाचेत, इंजिनं त्या वेळच्या कमाल क्लाइंब थ्रस्टवर. मग वेग कोण सांभाळतं? नाक. ओपन क्लाइंब मोडमध्ये ऑटोपायलट नेमकं हेच करतो: वेग कमी व्हायला लागला की नाक थोडं खाली, वाढायला लागला की थोडं वर. चढण्याचा दर मिळेल तेवढा.

व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये उलटं होतं. तुम्ही मिनिटाला २,५०० फूट मागितले की विमान तेवढे द्यायला बघतं. खाली हे चालून जातं. पण ३४,००० फुटांवर हवा विरळ, इंजिनांची ताकद कमी, आणि ती आधीच पूर्ण लावलेली. मग वरचा खर्च भागतो रोकडीतून, आणि वेग घसरायला लागतो. म्हणून वर चढताना हा मोड वापरलात तर एक डोळा वेगावर ठेवा.

साधारण वेळापत्रक असं: १०,००० फुटांखाली २५० नॉट, त्यावर २९०-३०० नॉट, आणि २९-३० हजारांच्या आसपास नॉट सोडून मॅक ०.७८ धरायचं.

खाली येताना

उतरायला कुठून सुरुवात करायची? दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, त्यामुळे ३६,००० फुटांवरून ३६ गुणिले ३, म्हणजे १०८ मैल. वेग कमी करायला आणखी दहा धरा. म्हणजे साधारण १२० मैल आधी. मागून वारा असेल तर अजून थोडं आधी. पुण्याला उतरत असाल तर तिथला रनवेच सुमारे १,९०० फुटांवर आहे, तेवढी उंची आधी वजा करा.

दर किती ठेवायचा? ग्राउंड स्पीड गुणिले पाच. ४५० नॉट असेल तर मिनिटाला २,२५० फूट. शेवटी १४० नॉट असेल तर ७०० फूट.

वाटेत तपासत राहा. ५० मैल उरलेत? दहा बाजूला काढा, उरलेल्या ४० ला तीनने भागा. साधारण १३,००० फुटांवर असायला हवं. तुम्ही १८,००० वर असाल तर आत्ताच स्पीडब्रेक काढा, कारण वेग जास्त असताना त्याचा उपयोग जास्त होतो. रनवेच्या जवळ येऊनही उंचच असाल तर लँडिंग गिअर लवकर खाली करा. त्याचा ड्रॅग भरपूर. मात्र गिअरच्या वेगमर्यादेच्या आत.

आणि एक लक्षात ठेवा: एकतर खाली या, नाहीतर हळू व्हा. इंजिनं आयडलवर असली तरी जेट विमान उतारावर सहजासहजी हळू होत नाही. सरळ पातळीत मात्र मैलामागे साधारण दहा नॉट कमी होतात. तो एक्स्ट्रा दहा मैलांचा हिशेब इथून येतो.

शिल्लक बरोबर, पगार शून्य

आता एक खरी घटना. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७, आत ३०७ माणसं. हवा स्वच्छ. विमान सुरुवातीला उंच होतं. ते खाली आणायच्या धावपळीत फ्लाइट लेव्हल चेंज मोड लागला, आणि वरची उंची सेट असल्यामुळे विमान चढायला लागलं. पायलटने थ्रस्ट लिव्हर आयडलला ओढले. त्यामुळे ऑटोथ्रॉटल होल्डमध्ये गेलं, म्हणजे चालू होतं, पण वेग सांभाळत नव्हतं.

५०० फुटांवर वेग होता १३७ नॉट. हवा तेवढाच! पण इंजिनं आयडलवर होती आणि विमान मिनिटाला १,२०० फुटांनी खाली येत होतं. हवे होते ७०० च्या आसपास. म्हणजे हातातली रोकड अगदी बरोबर, पण पगार बंद आणि खर्च चालू. पुढच्या काही सेकंदांत वेग १०३ नॉटपर्यंत घसरला. विमानाची शेपटी रनवेआधीच्या समुद्राच्या बांधावर आदळली. तीन जणांचा जीव गेला.

अमेरिकेच्या एनटीएसबीने तपासात म्हटलं की ५०० फुटांवरच अप्रोच स्थिर नव्हता, आणि तिथेच गो-अराउंड घ्यायला हवा होता.

म्हणून हजार फुटांवर एक नव्हे, चार गोष्टी बघा: वेग, उतरण्याचा दर, इंजिनं आयडलच्या वर आहेत का, आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीत कोणता मोड लिहिलाय. एकही जमत नसेल तर सरळ गो-अराउंड. सिममध्ये त्याला दहा मिनिटं लागतात, आणि ती सवय फुकट जात नाही.

पुढच्या फ्लाइटला कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कॉम्प्युटरने उतरण्याचा बिंदू दाखवायच्या आधी तुमचा आकडा लिहा, आणि मग दोन्ही जुळतात का बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!