‘एक्झोनरेट’: ठपका आणि ओझं

समजा, जालना एमआयडीसीतल्या एखाद्या रोलिंग मिलमध्ये चोरीचा ठपका ठेवून कामगाराला निलंबित केलं आणि खात्यांतर्गत चौकशीत आरोप टिकला नाही. इंग्रजी अहवालात शेरा पडतो: ‘एक्झोनरेटेड’. मूळ लॅटिन: ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘ओनस’ म्हणजे ओझं. रोमन लोक जहाजातला माल उतरवण्यालाही हेच क्रियापद वापरत, आणि इंग्रजीत एकेकाळी नदी समुद्रात रिती होण्यालाही ते चाले. भंगाराचा ट्रक भट्टीपाशी पुरता रिकामा व्हावा, तसा हा अर्थ. म्हणून नुसतं ‘पुरावा नाही’ एवढ्यानं भागत नाही. लादलेलं सगळं उतरायला हवं. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालचे केंद्रीय नमुना आदेश हेच मानत: निर्दोष ठरलेला कामगार निलंबनकाळात कामावरच होता असं धरून, निर्वाह भत्ता वजा करून, पूर्ण वेतन द्यायचं.

कोणी म्हणेल, कोर्टातून सुटला म्हणजे तेच झालं. तसं नाही. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा मिळूनही सुटका होते. खात्याच्या चौकशीत पुराव्याची कसोटी तेवढी कडक नसते, त्यामुळे सुटलेल्यावरही ठपका उरू शकतो. म्हणूनच निर्दोष ठरलेल्याच्या पत्रात ‘प्रकरण बंद’ असं मोघम लिहू नये. कोणता आरोप खोटा ठरला ते स्पष्ट मराठीत लिहावं आणि थकलेला पगारही त्याच पत्रात मांडावा.