शाईचं पहिलं सामान
कॉमिक्स काढूया : भाग ६

गेल्या भागात पेन्सिलीचं पान पुरं झालं. आता त्यावर शाई चढवायची, म्हणजे खरेदी आलीच. दुकानात बारा पेनांचे देखणे संच टांगलेले असतात आणि नवशिक्याचे बहुतेक पैसे तिथेच संपतात. माझा सल्ला असा की संच घेऊ नका. एक टाक, एक कुंचला, शाईची एक बाटली आणि चांगला कागद एवढ्यावर सुरुवात करा. काटकसर साधनांच्या संख्येत करा. कागद आणि शाई मात्र चांगलीच घ्या.

शाईकाम म्हणजे पेन्सिल गिरवणं, असं समजू नका. पेन्सिलीच्या रेघेत करड्या रंगाच्या कितीतरी छटा असतात, शाईत फक्त काळं आणि पांढरं. कोणती वस्तू जवळची, कोणती लांबची, उजेड कुठून येतो, हे सगळं रेघेच्या जाडीतून आणि काळ्या भागांतून सांगावं लागतं. म्हणून हाताच्या दाबाबरोबर जाड-बारीक होणारं साधन पहिल्या दिवसापासून हाती हवं.

कागद

झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद शाईला चालत नाही. त्यावर रेघ फुटते, शिवाय कागदाचे तंतू निबेत अडकतात. गुळगुळीत ब्रिस्टल कागद, साधारण २५० जीएसएमचा, टाकासाठी उत्तम. तो परवडत नसेल तर आयव्हरी शीट बघा, पण गठ्ठा उचलण्याआधी एकच घेऊन या. कोपऱ्यात चार रेघा ओढा, वाळू द्या, वरून खोडरबर फिरवा. रेघेच्या कडा फुटल्या नाहीत आणि काळा रंग फिका पडला नाही, तर तो कागद आपल्या कामाचा.

पान छापायच्या आकारापेक्षा मोठं काढा. अमेरिकी कॉमिक्समध्ये १० × १५ इंचांचं चित्र काढून ते सुमारे दोन-तृतीयांश करून छापण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याला A3 वर काढून A4 वर छापणं सोयीचं. त्यात चित्र सुमारे ७१ टक्के होतं, म्हणजे ०.२ मिलिमीटरची रेघ छापताना ०.१४ मिलिमीटर उरते. फार नाजूक रेघांची जाळी अशा वेळी एकतर भरून जाते किंवा उडून जाते.

शाई

बाटलीवर ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ असं लिहिलेलं बघा. या शाईत कार्बनचे, म्हणजे काजळीचे, कण असतात आणि ते कागदाला धरून ठेवायला बहुधा लाख असते. वाळल्यावर तिच्यावर जलरंग चढवता येतो. फाउंटन पेनच्या साध्या शाईवर पाण्याचा कुंचला फिरवला की ती पसरते. उलट ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीच भरू नका. आत वाळली की पेन निकामी होतं. काम करताना थोडी शाई बुचात किंवा छोट्या वाटीत काढून घ्या. मोठी बाटली दिवसभर उघडी राहिली की शाई दाट होते आणि निबेवरून उतरत नाही.

टाक

निबेच्या मध्यावर चीर असते. दाब दिला की दोन्ही टोकं फाकतात आणि रेघ जाड होते, दाब काढला की ती पुन्हा बारीक. जपानी मंगामुळे जगभर गेलेली जी-निब नवशिक्याला चांगली, कारण ती थोडी ताठ असते आणि जड हात सहन करते. हंट १०२ सारखी नळीच्या आकाराची बारीक निब नंतर घ्या. तिला वेगळा दांडा लागतो, हे विकत घेतानाच लक्षात ठेवा.

नव्या निबेवर गंज धरू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेचा पातळ थर असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन ती लगेच पुसा, नाहीतर शाईचे थेंब वरच्या वर गोळा होतात. निब मधल्या भोकापर्यंतच बुडवा. रेघ आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. त्यासाठी कागद हवा तसा फिरवा. निब झिजते, ती बदलायचीच वस्तू आहे. चार्ल्स शुल्झ ‘पीनट्स’साठी एस्टरब्रुक ९१४ ही निब वापरत. ती बंद होते आहे म्हटल्यावर त्यांनी उरलेला साठा विकत घेऊन ठेवला. एका साधनाशी एवढी ओळख होणं, हेच मिळवायचं आहे.

कुंचला

बिल वॉटरसन यांनी ‘कॅल्विन अँड हॉब्स’ मुख्यतः सेबल केसांच्या लहान कुंचल्याने शाईबद्ध केलं. असा कुंचला महाग. २ किंवा ३ क्रमांकाचा गोल, चांगला सिंथेटिक कुंचला सुरुवातीला पुरतो. पाण्यात बुडवून झटका. टोक आपोआप एकत्र आलं तर घ्या. मुंगसाच्या केसांचा कुंचला कोणी देऊ केला तर ठाम नकार द्या. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्या केसांचा व्यापार गुन्हा आहे आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात. आपल्या चित्रासाठी असं काही होता कामा नये.

केसांच्या मुळाशी, धातूच्या पट्टीजवळ, शाई वाळू देऊ नका. काम संपलं की साबणाने धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा ठेवा.

उरलेलं सामान

फाइनलायनर एकच घ्या. पिग्मा मायक्रॉन ०५ ची रेघ ०.४५ मिलिमीटरची असते, चौकटी आणि संवादांच्या फुग्यांसाठी ती पुरेशी. तिची जाडी बदलत नाही, म्हणून माणसं आणि झाडं टाकाने किंवा कुंचल्याने काढा. एर्जे यांच्या ‘टिनटिन’सारखी एकसारखी रेघ तुम्हाला मनापासून हवी असेल तर ती जरूर निवडा, पेन दुसरं काही करू देत नाही म्हणून मात्र तिच्यावर येऊ नका. चुका झाकायला पांढरा पोस्टर कलर दाट ठेवून, शाई पूर्ण वाळल्यावर लावा. पट्टीची उतरती कड खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे शाई पट्टीखाली ओढली जाणार नाही.

या आठवड्याचा अभ्यास

पेन्सिलीच्या पानाला अजून हात लावू नका. एक कोरा कागद घ्या. अर्ध्यावर टाकाने आणि अर्ध्यावर कुंचल्याने बारीकपासून जाड आणि पुन्हा बारीक होणाऱ्या रेघा ओढा. मग राम वाईरकर यांनी चितारलेला अमर चित्रकथेचा ‘कृष्ण’ हा अंक मिळवा आणि त्यातली एक चौकट निवडा. बाह्यरेषा कुठे जाड होते, चेहऱ्यावर किती बारीक राहते, काळा भाग सलग कुठे भरला आहे, हे शेजारच्या कागदावर टिपून ठेवा. पुढच्या भागात आपल्या पानाची पहिली चौकट शाईत उतरवू, तेव्हा हे टिपण समोर लागेल.